कठड्याचा सांधा हाताला लागू नये म्हणून

प्रश्न : शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात जिन्याच्या कठड्यावरची सागवानी पट्टी खालच्या टोकाला पाणी मुरून कुजली आहे. मिस्त्री म्हणतात, कुजका भाग सरळ कापू, नवा तुकडा टेकवू आणि खालून लोखंडी पट्टी मारू. आईला सांधा दिसायला नको आहे. जमेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जमेल. एवढं जुनं सागवान पुन्हा मिळणार नाही, आईंचं ऐका.

टोकाला टोक मात्र लावू नका. सरळ कापात लाकडाच्या शिरा नळ्यांसारख्या उघड्या पडतात, सरस पिऊन टाकतात, पकड येत नाही. काप तिरका हवा. त्याला स्कार्फ जॉइंट म्हणतात. तिरकेपणाची लांबी जाडीच्या 8 पट धरा, म्हणजे दीड इंच जाडीला 12 इंच. मिस्त्री म्हणतील, लाकूड वाया जातंय. जाऊ द्या, इथे कंजुषी नको.

पट्टी उतरवून टेबलावर पालथी ठेवा. तिच्यावर तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा, पण टोक 12 इंच मागे सरकवून. दोन्ही क्लॅम्पनं आवळा आणि रंधा एकाच उतारावरून चालवा. दोन्ही काप एकदमच निघतात, म्हणून बिनचूक जुळतात. नवा तुकडा चौकोनीच राहू दे. गोलाई सांधा वाळल्यावर काढायची, तेव्हाच पातळी एक होते.

जोडताना जुन्या पट्टीचं पातळ टोक वर यायला हवं, नव्यावर टेकलेलं. जिना उतरताना हात त्यावरून सरकतो, अडकत नाही. घरात वयस्कर माणूस आहे, हे विसरू नका.

साग तेलकट असतो. चिकटवायच्या अगदी आधी दोन्ही काप ॲसिटोननं पुसा. मग इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून करायच्या सरसाचा, पातळ हात द्या, मुरू द्या, पुन्हा लावा. आवळताना तिरके काप एकमेकांवरून घसरतात, म्हणून दोन्ही बाजूंना टेबलावर ठोकळे ठोका. क्लॅम्प फार पिळू नका, इपॉक्सी सगळं बाहेर येईल.

हे काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतर करा आणि नवं लाकूड तोवर घरातच ठेवा.

आणि पाणी येतंय कुठून? कौलं बघा, भिंतीची ओल बघा. कठड्याच्या खालच्या खांबात टोच्या खुपसून पाहा. सहज आत गेला, तर आधी खांब बदलायला लागेल.