बॅगेत तूप भरू नकोस

अगं, काल फोनवर मागून आईचा आवाज ऐकला तेव्हाच कळलं की तुझ्या आयर्लंडच्या पॅकिंगवरून महाभारत सुरू झालंय. तर आधी हे सांग तिला, तुपाची बरणी नको. दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत, युरोपियन युनियनचा नियमच आहे, पेढेसुद्धा नाही. आणि तुपाची गरजही नाही गं, तिथल्या गाई वर्षातले बरेच महिने बाहेर गवतावर चरतात त्यामुळे बटर पिवळंधमक असतं, ते आणून मंद आचेवर कढवायचं. फक्त अनसॉल्टेड आण. मी पहिल्यांदा सॉल्टेड आणलं आणि साखर घालून खायला घेतलेली बेरी अक्षरशः थुंकली.

तिथे कॉर्क शहरात माझी घरमालकीण बटाटे सालासकट उकडायची. पहिल्या दिवशी ताटात आले ते साल फुटून आत पिठूळ पांढरे दिसत होते, बाजूला उकडलेला कोबी आणि बेकनचे जाड काप, बस्स. मनात म्हटलं, फोडणी कुठंय? ती मात्र गरम बटाटा काट्याला टोचून सुरीने साल काढत होती, वर बटरचा हा एवढा गोळा आणि मीठ. मीही तसंच केलं आणि दुसरा मागून घेतला. हां, पण बटाट्यावरून जोक करू नकोस कधी. 1845 पासून सलग काही वर्षं बटाट्यावर रोग पडला, त्या दुष्काळात साधारण दहा लाख माणसं गेली आणि तेवढीच देश सोडून गेली, ते अजून घराघरात आहे.

सोडा ब्रेड तर तुला जमेलच. यीस्ट नाही, कणीक, मैदा, मीठ, खायचा सोडा आणि ताक. तिथला गहू मऊ, यीस्टने नीट फुगत नाही, म्हणून सोडा आला. मळत बसायचं नाही, गोळा जमला की वर सुरीने फुली मारून सरळ ओव्हनमध्ये.

कॉलेजच्या दिवसांत मात्र सगळे खरे जगतात चिकन फिलेट रोलवर. पेट्रोल पंपावरच्या दुकानातसुद्धा डेली काउंटर, म्हणजे ताजं खाणं बनवून देणारा काउंटर असतो, लांबडा पाव कापून त्यात ब्रेडक्रम्ब लावून तळलेलं चिकन. काउंटरवरची बाई एका दमात विचारते, प्लेन की स्पायसी, बटर की मेयो, चीज, कांदा, आणि तो कॉर्कचा हेल, मी पहिला महिनाभर सगळ्याला येस म्हणत होते त्यामुळे बटर आणि मेयो दोन्ही खाल्लं. स्पायसी सांग, आपल्याला ते जेमतेम लागतं. तुझी रूममेट शाकाहारी आहे म्हणालीस ना, तिला सांग चिप्स (तिथे म्हणजे फ्रेंच फ्राइज) घेताना तेल कसलं ते विचारायचं, काही दुकानांत बीफच्या चरबीत तळतात. आणि ब्लॅक पुडिंग म्हणजे पुडिंग नव्हे, त्यात रक्त असतं.

चहाची काळजी सोड. कडक, दूध घातलेला, दिवसातून पाच वेळा. कुणाच्या घरी गेलीस आणि चहा विचारला तर आपल्यासारखंच, आधी नको म्हणायचं, ते परत विचारतात, मग हो. फक्त आलं कुणी घालत नाही, तेवढी किसणी घेऊन जा.