पहिलं पाऊल अडतं कुठे?

प्रश्न : माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे, वय ७१. खुर्चीतून उठतात, नीट उभे राहतात, पण पहिलं पाऊलच उचलत नाही. पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. एकदा सुरू झाले की अंगणापर्यंत सहज जातात. आई म्हणते, "हे मनावर घेत नाहीत." ताई, नेमकं काय अडतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी आईंना सांगा, यात बाबांचा काहीच दोष नाही. त्यांना आतून कसं वाटतं ते कळायला एक करून पाहा. उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला टेकवून उभ्या राहा आणि डावा पाय उचलून धरा. कितीही मनावर घ्या, जमणार नाही. डावा पाय सुटायचा तर भार उजव्या पावलावर जायला हवा, आणि भिंत अंगाला तिकडे सरकू देत नाही.

एरवी ही सरकासरक पाऊल उचलायच्या आधी साधारण अर्ध्या सेकंदात उरकते. उजवा पाय उचलायचा असला, तर आधी उजवाच पाय क्षणभर जमिनीवर जास्त दाबला जातो. त्या रेट्यानं अंग डावीकडे जातं. उभं असताना आपला भार घोट्याच्या थोडा पुढे पडतो, म्हणून पोटरी सतत आवळलेली राहून आपल्याला मागे धरून ठेवते. निघताना ती सैल सुटते आणि नडगीपुढचा स्नायू आवळतो. अनवाणी उभ्या राहून चालायला लागा, बघणाऱ्याला घोट्यापुढची कंडरा दोरीसारखी वर आलेली दिसेल. पाऊल अजून जमिनीवरच असतं!

पार्किन्सन्समध्ये ही तयारीच तोकडी पडते. चालायचं बाबांना असतंच, पण भार पायावरून हलत नाही.

माझ्या सासऱ्यांचंही असंच व्हायचं. मी फिजिओथेरपिस्ट, तरी घाईत त्यांचे दोन्ही हात धरून पुढे ओढायचे. एकदा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर अंग पुढे आलं, पाय मागेच राहिले, आणि ते गुडघ्यांवर पडले. ती चूक मला अजून सलते. तेव्हापासून मी शेजारी उभी राहून कमरेला हात लावते आणि म्हणते, "अण्णा, थांबा. आता डावीकडे झुका, उजवीकडे, परत डावीकडे... हं, उजवा पाय." बहुतेक वेळा पाय सुटतो. उंबरठ्याआधी फरशीवर पावला-पावलाच्या अंतरानं आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल पडतं. तुम्हीही लावून बघा, फक्त कडा सुटू देऊ नका.

आणि आठवडाभर वहीत दोन गोष्टी लिहा : गोळी किती वाजता घेतली, पाय किती वाजता अडले. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की जास्त अडत असेल, तर ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. गोळ्यांच्या वेळा मात्र आपल्या मनानं बदलू नका.