आबांच्या खिशात मावेल एवढं

प्रश्न : बाई, मी जळगावला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. घर यावल तालुक्यात, केळीची शेती. जूनच्या तिसऱ्या रविवारी फादर्स डे असतो. या वेळी आबांना स्वतः केलेलं कार्ड द्यायचं ठरवलंय. ऑनलाइन एक किट मागवलं, तर त्यात गुलाबी फुलं, चकाकणारे खडे आणि टाय-कोटाची चित्रं निघाली. आमच्या आबांनी टाय फक्त माझ्या चुलतभावाच्या लग्नात, तोही नवरदेवाच्या गळ्यात पाहिलाय. ते चौथी शिकलेले आहेत, पण सावकाश सगळं वाचतात. कार्ड कशाचं करू? आणि आत काय लिहू? घरी आम्ही ‘केयी’ म्हणतो. लिहिताना ‘केळी’ लिहिलं की ते दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखं वाटतं. भाऊ म्हणतो, कार्डावर गावठी लिहिशील तर हसं होईल.
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : पोरी, ते किट शेजारच्या लहान मुलींना देऊन टाक, त्यांचे दोन दिवस मजेत जातील. आता मला सांग, आबा ते कार्ड ठेवणार कुठे? तू हा प्रश्न विचारलेला नाहीस, पण मी आधी त्याचंच उत्तर देणार. का ते ऐक.

१९७४ साली मी अमळनेरला आठवीत होते. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असत. मी ड्रॉइंगचा जाड कागद घेतला, घोटीव कागदाच्या पाकळ्या कापून त्यावर गुलाब चिकटवला आणि दुकानातल्या एका कार्डावर बघून इंग्रजी अक्षरं गिरवली. कार्ड झालं चांगलं वहीएवढं. अण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, खालीवर पाहिलं, ‘छान’ म्हणाले आणि सदऱ्याच्या खिशात घालायला गेले. मावेना. मग त्यांनी शांतपणे त्याची चौघडी केली. माझ्या डोळ्यांदेखत गुलाबाच्या पाकळ्या कडाकड मोडल्या. आठवड्यानं पाहते तर मागच्या कोऱ्या बाजूवर कॉपिंग पेन्सिलीनं गाड्यांची वजनं लिहिलेली, चांगली अकरा ओळी. मी रडून गोंधळ घातला. आई म्हणाली, “अगं, खिशात ठेवलंय म्हणून तर त्याच्यावर लिहिलं ना!” मला ते पटायला बरीच वर्षं लागली. पुढे चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, दर वर्षी पोरांकडून कार्डं करून घेतली, पण पहिला तास मापाचा. वडील खिशात ठेवतात, देवघरामागे खोचतात की सातबाऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात घालतात, हे घरून बघून यायचं.

तेव्हा येत्या शनिवारी घरी गेलीस की आबांचा वाळत घातलेला सदरा पट्टीनं माप. खिसा साधारण अकरा-बारा सेंटिमीटर रुंद भरेल. मिटलेलं कार्ड साडेनऊ बाय बारा ठेव, म्हणजे उघडल्यावर एकोणीस बाय बारा. ए-फोर आकाराच्या एका कार्डशीटमध्ये अशी दोन बसतात. पहिलं बिघडवायला, दुसरं द्यायला. कागद दोनशे वीस ते अडीचशे जीएसएमचा माग, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम भरणारा. झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशीचा असतो, तो घामानं दुपारपर्यंत लोळागोळा होईल. हातकागद मिळाला तर फारच छान. तो बहुधा सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात, म्हणजे आपल्याच कपाशीचा नातेवाईक. एरंडोलला एके काळी असा कागद होत असे आणि त्यासाठी ते गाव नावाजलेलं होतं. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्येही तशी नोंद आहे. पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. पण कागदासाठी पुण्याला जाऊ नकोस, जळगावच्या स्टेशनरीच्या दुकानातली साधी कार्डशीट चालेल. पांढरीशुभ्र मात्र नको, बदामी घे. केळीच्या बागेत पांढरं काही टिकत नाही.

आता घडी. कार्ड हातानं केलंय हे कळावं, पण कसंतरी केलंय हे कळू नये, आणि तो फरक निम्मा तरी घडीत असतो. यंत्रावरच्या कागदाचे तंतू एकाच दिशेला असतात. शीट आधी उभी आणि मग आडवी हलकेच वाकवून बघ. ज्या बाजूनं ती मुकाट्यानं वाकेल त्या बाजूनं घडी घाल. दुसऱ्या बाजूनं घातलीस तर घडीवर भेगा पडतात, खेड्यातल्या सिमेंटच्या रस्त्यासारख्या. शाई संपलेलं बॉलपेन घे, पट्टी लाव आणि घडीच्या जागी दाबून एक रेघ ओढ. दोनदा नाही, एकदाच. कागद जिथे खचला ती बाजू बाहेर राहील अशी घडी घाल आणि चमच्याच्या पाठीनं वरून फिरव. एवढंच.

चित्र काय काढायचं? काहीच नाही. मी ड्रॉइंगची बाई असून हे सांगतेय. केळीचं झाड काढलंस तर आबा म्हणतील, “पानं अशी नसतात.” आणि त्यांचं खरं असेल.

त्यापेक्षा असं कर. केळीत काम करणाऱ्याच्या कपड्यांवर चिकाचे डाग असतातच. माझी बहीण रावेरकडे दिलीय. तिच्या घरी दाजींचे कामाचे सदरे वेगळ्या दोरीवर वाळतात, तपकिरी ठिपक्यांनी भरलेले, आणि बहीण दर धुण्याला त्या डागांशी भांडते. साबण, सोडा, लिंबू, सगळं करून झालं. डाग काही जात नाही. तुझ्याही घरी आईचं हेच चालत असणार. मग जो डाग जात नाही त्याचीच शाई कर ना!

आबांचा एखादा विटलेला सुती सदरा आईला विचारून घे. विचारून, हे महत्त्वाचं, नाहीतर रविवारचा सगळा कार्यक्रम बदलेल. बाहीचा आठ बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा काप. जुनं, पुष्कळदा धुतलेलं कापडच हवं. नव्या कापडाला खळ असते, त्यात चीक मुरत नाही. घड उतरवताना किंवा केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापताना दांड्यातून जो चीक टपटपतो तो काचेच्या वाटीत धर. सकाळी जास्त मिळतो. कापडावर पेन्सिलीनं फिकट अक्षरं काढ आणि बोरूनं किंवा खराट्याच्या काडीचं टोक ठेचून त्यावरून गिरव. चीक ताजा असतानाच लिही.

पहिल्यांदा तुला वाटेल, बाईंनी फसवलं. कारण तो पाण्यासारखा दिसतो आणि लिहिलेलं काही दिसतच नाही. वाळू दे. हवा लागली की रंग चढायला लागतो. आधी फिक्या चहासारखा, मग दिवस जातील तसा काताच्या रंगाकडे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा संध्याकाळपर्यंत काही दिसेना म्हणून चिडून त्याच अक्षरांवर दुसरा हात दिला, आणि सकाळी सगळी अक्षरं फुगून एकमेकांत मिसळलेली. घाई करू नकोस. निदान आठ दिवस आधी लिही, आणि आधी चिंधीवर करून बघ. अंगावर जुना ड्रेस असू दे, नाहीतर आईला भांडायला आणखी एक डाग.

कापड चिकटवायला मैद्याची खळ कर. चमचाभर पीठ, वाटीभर पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. पूर्वी बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचे. तू घालू नकोस, ते विषारी असतं आणि हे कार्ड खिशात वावरणार आहे. फेव्हिकॉलही चालतो, पण पातळ थर बोटानं लाव. बदाबदा ओतला की कागदाच्या लाटा होतात. आणि एक गोष्ट बाजारातल्या किटमध्ये कुणी सांगत नाही. एका बाजूला ओलं कापड डकवलं की वाळताना ते कागदाला आपल्याकडे ओढतं आणि कार्ड पापडासारखं वाकतं. म्हणून त्याच पानाच्या पाठीमागे, आतल्या बाजूला, तेवढाच साधा कागद डकव. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पान सरळ राहतं. मग दोन्ही बाजूंना कोरा कागद ठेवून रात्रभर पाटाखाली, वर तुझी बी.एस्सी.ची जाड पुस्तकं. तेवढा तरी त्यांचा उपयोग होऊ दे!

आता मजकूर. ‘केयी’च लिही. आबा सावकाश वाचतात म्हणालीस, म्हणजे ओठ हलवत वाचत असतील. ‘केळी’ लिहिलंस तरी त्यांच्या तोंडातून ‘केयी’च येणार. मग कागदावर वेगळं कशाला? तुझा भाऊ शाळेत शुद्धलेखनाला मार खाल्लेला दिसतो. माझ्यामुळेही काही पोरांनी तसा मार खाल्लाय, त्याची लाज वाटते. कापडावर फार मावणार नाही, चार-पाच शब्द. मला सुचलं ते असं : ‘आबा, डाग पळले तं पळू द्या.’ (म्हणजे पडले तर पडू द्या.) पण ते माझं झालं. तुझ्या घरात आबांना रोज कोणतं वाक्य ऐकू येतं ते तुलाच माहीत. ते घे. आत बाकी जागेत बॉलपेननं काय लिहायचं ते लिही, आणि ‘थोर उपकार’, ‘ऋण फेडू शकत नाही’ असले शब्द आले तर खोडून टाक. निरोप समारंभाच्या भाषणात ते बरे दिसतात.

फादर्स डेला घरचे हसतील असं तुला वाटत असेल तर सांगते, हा दिवस पहिल्यांदा १९१० साली अमेरिकेत स्पोकेन गावी साजरा झाला, सोनोरा डॉड नावाच्या बाईंच्या खटपटीनं. त्यांची आई बाळंतपणात गेली आणि बापानं सहा मुलं एकट्यानं वाढवली. तो बापही शेतकरीच होता. तिथे कायद्यानं कायमची मान्यता मिळायला मात्र १९७२ साल उजाडलं. शिवाय आबांची कागदावरची जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली असायची शक्यता दाट. म्हणजे वाढदिवसाचा तरी कुठे भरवसा? तिसरा रविवार काय वाईट? फक्त जूनमध्ये केळीच्या मृगबागेची लागवड चालू असते. दुपारी बांधावर नेऊन देऊ नकोस. सकाळच्या चहाला दे, सदरा घालायच्या आत.

प्रश्न : माझे मिस्टर रेल्वेत लोको पायलट आहेत. ड्यूटीचा नेम नाही. ते निघतात तेव्हा आमचा दुसरीतला मुलगा झोपलेला असतो. त्याला पप्पांच्या जेवणाच्या डब्यात कार्ड ठेवायचंय. तेल लागून खराब होईल का? आणि चमकी लावायचा हट्ट धरून बसलाय.
– एक आई, भुसावळ

उत्तर : चमकी नको. पोळीत गेली तर पप्पा ड्यूटीवर पोट धरून बसतील. कार्ड गोल करा, डब्याच्या झाकणाएवढं. कागद दुमडा, झाकण त्यावर असं ठेवा की कड घडीच्या बोटभर बाहेर जाईल, पेन्सिल फिरवा आणि कापा. घडीवर जोड शिल्लक राहतो आणि कार्ड पुस्तकासारखं उघडतं. वरून मेणबत्ती घासली तर पाण्याचे थेंब बसत नाहीत, शेवभाजीचा रस्सा मात्र कुणाचं ऐकत नाही. म्हणून डब्यात नको, झाकण आणि डब्याची पिशवी यांच्यामध्ये. मुलाला खडूनं काय काढायचं ते काढू द्या. इंजिनाला चाकं जास्त झाली तरी मोजायला जाऊ नका.

प्रश्न : वय बावन्न. वडील ब्याऐंशीचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. त्यांच्याशी माझं बोलणं ‘जेवले का’ आणि ‘गोळी घेतली का’ एवढंच. या वयात कार्ड देणं पोरकट दिसेल का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : दिसेल. द्या. फिक्या पिवळ्या कागदावर जाड काळ्या मार्करनं, एकेक अक्षर अंगठ्याच्या पेराएवढं, ओळीत दोन-तीनच शब्द. चकचकीत कागद नको, उजेड पडला की त्यांना नुसता झगझगाट दिसेल. लिहून झालं की चष्मा काढून हातभर अंतरावरून स्वतः वाचून बघा. आणि देताना वाचून दाखवू नका, खिडकीजवळची खुर्ची तेवढी सरकवून द्या.