विद्यापीठ बघायला पाठवू का? (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न: नमस्कार ताई. मुलगी नववीत आहे, जुन्नर तालुक्यात. शाळा नववी-दहावीला पुण्याला विद्यापीठ दाखवायला नेतेय. हे म्हणतात, इमारती बघून कुणाचं करिअर होतं का, त्या पैशात गाइडं येतील. मुलगी रोज मागे लागलीय. पाठवू का?
– एक आई

उत्तर: पाठवा. पण मिस्टरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाहीये हं. बऱ्याच सहली अशाच होतात, मुख्य इमारतीसमोर ग्रुप फोटो, मग वडापाव, मग सारसबाग आणि रात्री उशिरा घरी, आणि मुलांना विचारलं काय बघितलं तर "लय मोठंय" एवढंच. ती इमारत सुंदर आहे, इंग्रजांच्या काळात तिथे गव्हर्नर राहायचा, पण त्याचा तुमच्या लेकीच्या अकरावीशी काय संबंध?

म्हणून आधी सरांना एकच विचारा, कुठल्या विभागात वेळ घेतलीय आणि तिथे मुलांशी बोलणार कोण? कारण एक गोष्ट सहलीत कुणी सांगतच नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातले विभाग मुख्यतः एमए, एमएस्सी, पीएचडीचे. बारावीनंतरचं बीए-बीएस्सी बहुतेक करून संलग्न कॉलेजांत होतं, म्हणजे तुमच्या जवळच्या गावातल्या कॉलेजातसुद्धा. पोरींना वाटतं बारावी झाली की थेट इथे यायचं, नाही जमलं की संपलं, असं काही नसतं. बारावी सायन्सनंतर थेट मोठ्या संस्थेत जायचं असेल तर पाषाणला आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, 2006 पासून, तिथे पाच वर्षांची बीएस-एमएस ही जोड पदवी मिळते, त्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते. हे नववीत कानावर पडलं तर उपयोग आहे, बारावीच्या मे महिन्यात कळून काय करणार.

आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था विद्यापीठाच्याच आवारात आहे, तिथे शाळेच्या मुलांसाठी 'पुलस्त्य' नावाची खास इमारत बांधलीय. शाळेने आधी पत्र देऊन वेळ घेतली तर तिथला अर्धा दिवस बाकीच्या सगळ्या सहलीला भारी पडेल.

आणि लेकीला सांगा की वहीत फक्त माहिती उतरवून आणू नकोस, दोन माणसांशी बोलून ये. एखादी एमएस्सीची ताई गाठ, शक्यतो खेड्यातून आलेली, आणि तिला विचार, दहावीनंतर काय घेतलंस, कुठे अडलीस, हॉस्टेल कसं मिळालं, पैसे कुठून आले. लॅबमध्ये जो दादा मशीन चालवतो त्यालाही विचार. प्रोफेसर लोक छानच बोलतात पण ते पन्नाशीचे, मुलींना आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी बाई दिसली की मग पटतं.

आता गंमत सांगू का? तुमच्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात ती दुर्बीण, आणि आपल्याकडची कित्येक पोरं तिच्या शेजारून रोज एसटीने जातात. दरवर्षी 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ती लोकांना आतून बघता येते, शाळा-कॉलेजची मुलं आपले प्रोजेक्टही मांडतात. मिस्टरांना पण घेऊन जा. त्या डिशला भरीव पत्रा नाहीये, बारीक तारांची जाळी ताणून बसवलीय, त्यामुळे वजन कमी, खर्च कमी, वाराही आरपार जातो. आणि ते चालवायला नुसते पीएचडीवाले पुरत नाहीत, इलेक्ट्रॉनिक्सवाले, फिटर, वेल्डर, सगळे लागतात. हे बघितल्यावर "इमारती बघून काय होतं" हे बोलणं जरा कमी होईल बहुतेक.

पैशाचं म्हणाल तर जुलै 2024 च्या जीआरने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि ॲडमिशन सरकारी कॅप राउंडमधून (म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून) असेल, तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. मेस-हॉस्टेल त्यात नाही, ते वेगळं धरा.

प्रश्न: ताई मी दहावीत आहे, बुलढाणा जिल्हा. आमच्या गावात समाजमंदिरात करिअर वर्कशॉप झालं, दोन तास नुसतं कलेक्टर व्हा, डॉक्टर व्हा. मला मोटर, पंप, ट्रॅक्टर खोलायला आवडतं. मी आयटीआय म्हणालो तर सगळे हसले, पाहुणे म्हणाले स्वप्न मोठं बघ. खरंच ते नापासांचं असतं का?
– एक विद्यार्थी

उत्तर: हसणाऱ्यांच्या घरचा पंप जळाला की ते कुणाला बोलावतात रे? सोड ते. काही ट्रेडना दहावी नापासही चालतं एवढ्यावरून लोकांनी सगळ्यालाच नापासांचं करून टाकलंय, पण इलेक्ट्रिशियन, फिटरसारख्या ट्रेडला दहावी पास लागते आणि चांगल्या सरकारी आयटीआयत या ट्रेडची मेरिट लिस्ट चांगलीच वर असते, गणित-विज्ञान ढिलं सोडू नकोस.

आणि हा रस्ता पुढे बंद होत नाही, हे त्या पाहुण्यांनी सांगायला हवं होतं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. किंवा दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा. फरक असा की आयटीआयत हाताने काम जास्त, डिप्लोमात पेपर आणि थिअरी जास्त. तुला कशात कंटाळा येतो ते तूच बघ.

अजून एक. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शिवार फेरी भरवतं, म्हणजे शेतकऱ्यांना विद्यापीठाची शेतं आणि प्रयोग फिरून दाखवतं, तेव्हा वडिलांबरोबर जा. ते बियाणं बघतील, तू अवजारं आणि यंत्रं बघ. कृषी अभियांत्रिकी म्हणून वेगळी डिग्रीच असते, ट्रॅक्टर, पंप, ठिबक, सगळं त्यात येतं. तिथे स्टॉलवर उभी असलेली मुलं शिकणारीच असतात, त्यांना बिनधास्त विचार.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला शिक्षिका आहे. नववी-दहावीसाठी गावातच वर्कशॉप घ्यायचंय, मानधन द्यायला पैसे नाहीत. वक्ता कोण मिळेल?
– एक शिक्षिका

उत्तर: बाई, वक्ता नकोच. वरच्या मुलाचं पत्र वाचलंत ना? पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेला, तिथली मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया असं स्वतः करत करत शिकतात आणि गावाची खरी कामंही करून देतात. तेवढं मोठं नका करू, पण पद्धत तीच घ्या. गावातलीच माणसं बोलवा, उपकेंद्रातली सिस्टर, महावितरणचा वायरमन, डेअरीत फॅट काढणारा, पशुवैद्यकीय डॉक्टर. प्रत्येकाने आपलं एक हत्यार किंवा यंत्र आणायचं, मुलांनी ते हातात घ्यायचं, आणि मग सांगायचं की इथवर पोचायला काय शिकलो, किती खर्च आला. पगार विचारू द्या मुलांना, लाजायचं काय त्यात. वेळ मात्र धारा काढून झाल्यावरची ठेवा, नाहीतर पालक येणार नाहीत.

दुसरा एक तास अकरावीच्या फॉर्मला द्या, प्लीज. 2025 पासून अकरावीची ॲडमिशन पूर्ण राज्यात ऑनलाइन झालीय, आणि खेड्यात पोरं नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर पसंतीक्रम टाकतात, मग कॉलेज लागतं कुठल्या कुठे. फळ्यावर खोटा फॉर्म काढून प्रत्येकाकडून एकदा भरून घ्या. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, यांची यादी दिवाळीच्या सुट्टीआधीच घरी पाठवा, जूनमध्ये तहसीलला उभं राहायला जागा नसते.