‘उदारमतवाद’ या शब्दातले ‘उदार’ कशाचे विशेषण?

प्रश्न असा आहे की, ‘उदार’ म्हणजे सढळ हाताचा, तर मग सरकारी अनुदानांना विरोध करणारी माणसे स्वतःला ‘उदारमतवादी’ कशी म्हणवतात?

पहिले उत्तर व्याकरणाचे आहे. या समासात ‘उदार’ हे विशेषण हाताला नव्हे, मताला लागलेले आहे. संस्कृतात या शब्दाला थोर, उन्नत, विशाल मनाचा असे अर्थ आहेत आणि ‘उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम्’ या वचनात मुद्दा दानाचा नसून आपपरभाव नसण्याचा आहे. दानशूर हा अर्थही जुनाच, पण आजच्या बोलण्यात तोच वरचढ झाला आहे.

एवढ्याने मात्र भागत नाही, कारण ‘उदारमतवाद’ हे इंग्रजी ‘लिबरलिझम’चे भाषांतर आहे आणि खरी अडचण त्या भाषांतरात आहे. लॅटिनमध्ये ‘लिबर’ म्हणजे स्वतंत्र, जो कोणाचा गुलाम नाही असा. त्यावरून आलेला ‘लिबरल’ म्हणजे मुळात स्वतंत्र माणसाला शोभेल असे, आणि मग सढळ, मोकळ्या मनाचे. स्पेनमध्ये राजाच्या अनियंत्रित सत्तेला वेसण घालणारी १८१२ ची राज्यघटना ज्या गटाने पुढे रेटली, त्याला ‘लिबेरालेस’ म्हणत, आणि राजकीय अर्थाने हा शब्द तेथून रुळला. मराठीने मात्र ‘स्वतंत्र’ ही छटा सोडून ‘मोकळ्या मनाचे’ ही छटा उचलली. त्यामुळे सहिष्णुता शब्दात आली आणि सत्तेवरची मर्यादा बाहेर राहिली. या विचाराचा आद्य इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्या मते जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांवरचा माणसाचा हक्क सरकारच्या आधीचा आहे. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मांडले की प्रौढ व्यक्तीवर तिच्या इच्छेविरुद्ध बळ वापरायचे, तर इतरांना होणारी इजा टाळणे एवढेच कारण पुरेसे ठरते, तिचे स्वतःचे भले हे नव्हे. या विचारात स्वातंत्र्य कोणी उदार होऊन द्यायची वस्तूच नाही. करदात्यांच्या पैशातून केलेले सरकारी दान तर या पंथातल्या कडव्यांना हलवायाच्या घरावरचे तुळशीपत्रच वाटेल.

आपल्याकडे रानडे-गोखल्यांना उदारमतवादी म्हणण्याचा प्रघात पडला आणि ‘नेमस्त’, ‘मवाळ’ या शब्दांचा रंग त्याला चढला. वास्तविक हे दोन्ही शब्द राजकारणाच्या पद्धतीविषयी आहेत, सिद्धांताविषयी नाहीत. खुद्द रानड्यांनी १८९२ च्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात निर्हस्तक्षेपाचे, म्हणजे सरकारने अर्थव्यवहारात ढवळाढवळ करू नये असे सांगणारे, विलायती अर्थशास्त्र हिंदुस्थानाला जसेच्या तसे लावण्यास विरोध केला होता. उलट व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाबतीत मिलला अधिक जवळचे आगरकर. त्यांच्या लेखणीला मवाळ कोण म्हणेल?

मूळ अर्थाच्या जवळ जाणारा प्रयोग १९९१ नंतर रूढ झाला. ‘खाउजा’मधल्या (खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) ‘उदारीकरणा’त नियंत्रणे सैल करणे हाच अर्थ आहे. त्याहून नेमके नाव राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) १९५९ च्या ‘स्वतंत्र पक्षा’ने घेतले होते, आणि शेतकरी नेते शरद जोशींनी आपल्या ‘स्वतंत्र भारत पक्षा’साठी तोच शब्द निवडला.

लॉक आणि अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांच्या परंपरेला (‘क्लासिकल लिबरलिझम’) ‘अभिजात उदारमतवाद’ म्हणावे. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत ‘क्लासिकल’साठी स्मिथला ‘सनातनवादी’ म्हणतात. ‘सनातन उदारमतवाद’ असे लिहिले, तर वाचक भलतीकडेच जाईल! आणि शब्द जोडूनच लिहावा. ‘उदार मतवादी’ असा तोडला की ‘उदार’ पुन्हा माणसाला चिकटते.