पत्र्याचं छत गळतंय. मिस्त्री सिमेंट लावायचं म्हणतो. स्वस्तात काय करावं?

सिमेंट लावू नका. पुण्यात दर जूनला पत्र्यांवर सिमेंटचे लपके थापले जातात आणि श्रावणापर्यंत खाली पुन्हा बादल्या लागतात. पत्रा उन्हात वाढतो, सर आली की आखडतो. दहा फुटी पत्र्यात चाळीस अंशांच्या फरकाला जवळजवळ दीड मिलिमीटर हालचाल होते. सिमेंटला एवढं हलता येत नाही, ते तडकतं. भेगेत पाणी धरून राहतं आणि पत्रा तिथेच गंजतो. 'पांढरं सिमेंट वेगळं असतं' म्हणणाऱ्यांनी तेही लावून बघावं.

आधी स्क्रूखालचे वायसर तपासा. बरीचशी गळती तिथूनच असते. रबर उन्हाने कडक होऊन चिरतं. स्क्रू काढून रबरी वायसर नवा घाला. भोक सैल झालं असेल तर थोडा जाड स्क्रू घ्या. पुण्यात बोहरी आळीच्या हार्डवेअर दुकानांत दोन्ही मिळतील. वायसर पत्र्याला चपटा टेकला की थांबा. रबर बाहेर फुगलं म्हणजे जास्त आवळलं. स्क्रू पन्हळीच्या खोलग्यात मारलेला असेल, तर तो काढून भोक बुजवा आणि नवा उंचवट्यावर मारा. पाणी खोलग्यातूनच वाहतं, हे काही मिस्त्र्यांना कोण सांगणार!

खाली पाणी पडतं तिथेच वर भोक असेल असं नाही. ते पत्र्याच्या पोटाने उतारावर सरकत येतं, म्हणून शोध वरच्या बाजूला घ्या.

वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच तरी चढलेला हवा. कमी असेल तर दोन्हींच्या मध्ये ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, भरा. वरून चिकटवून भागत नाही. बारीक भोकाला अॅल्युमिनियमची पाठ असलेली तीच टेप, चारी बाजूंनी दोन इंच जास्त. आधी तारेच्या ब्रशने गंज काढा आणि पत्रा कोरडा करा. फट भरायला सिलिकॉन घ्याल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते पत्र्यावरचं जस्त खातं, न्यूट्रल सिलिकॉन मागा.

हे सगळं पत्रा धड असेल तर. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आरपार जात असेल तर पत्राच बदला. चढाल तेव्हा पाय स्क्रूच्या रांगेवर ठेवा, खाली आधार तिथेच असतो. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पाय देऊ नका, तो फुटतो.

जुनं सिमेंट काढताना छिन्नी लावू नका, पत्रा फाटेल. लाकडी ठोकळा आडवा धरून हलकेच ठोका. तडकलेलं असतंच, सुटून येतं.