वहाळाचे मुख आणि वहाळाचा माथा

प्रश्न : आमच्या सोलापूरकडे ओढा म्हटला की पावसाळ्यात दोन-चार पूर यायचे आणि दिवाळीनंतर पात्रात नुसती वाळू उरायची, एवढेच आम्हाला ठाऊक. माझी सासुरवाडी गुहागर तालुक्यात समुद्रालगत आहे. तिथला वहाळ पूर्वी मे महिन्यातही वाहत असे, असे सासरे सांगतात. यंदा मी पाहिला तेव्हा मार्चमध्येच त्याची डबकी झाली होती आणि समुद्राकडचे मुख वाळूने बुजले होते. ते यंत्राने उकरून मोकळे करावे, असे गावात घाटत आहे. या वहाळाला पूर्वीचे रूप परत येईल काय?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आधी वाळूविषयी. पावसाळा सरल्यावर प्रवाहाचा जोर ओसरतो, लाटा मात्र वाळू किनाऱ्याकडे लोटत राहतात, आणि त्यामुळे लहान वहाळांची मुखे उन्हाळ्यात बंद होतात. हा बिघाड नव्हे. आत अडलेल्या मचूळ (किंचित खारट) पाण्यात माशांची पिल्ले वाढतात आणि पावसाचा पहिला मोठा लोंढा तो बांध आपणहून फोडतो. ऐन उन्हाळ्यात तो उकरला, तर भरतीचे पाणी आत चढून काठच्या विहिरी खारट होण्याचा धोका असतो. तेव्हा यंत्र आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्चमध्येच पाणी आटणे मात्र काळजीचे आहे आणि त्याचे कारण समुद्राकडे नव्हे, तर वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या माथ्यावरच्या पठारावर, शोधावे लागेल. सोलापूरला वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर. पण तो बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो आणि तीव्र उतारावरून पाहता पाहता समुद्राला मिळतो. उरलेले आठ महिने वहाळ जगतो तो जांभ्या दगडात मुरलेल्या पाण्यावर. हे पाणी खालच्या चिकण थरावर अडते आणि उताराच्या कुशीत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. माथ्यावरची झाडी तुटली, जांभ्याच्या चिरेखाणींनी सडा पोखरला किंवा बागांसाठी विंधनविहिरी वाढल्या, की झरे लवकर मिटतात. यांपैकी तिथे काय घडले, हे सासऱ्यांनाच विचारावे.

‘पूर्वीचे रूप’ हा शब्दही जरा जपून वापरावा लागतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. म्हणजे कोकणातले प्रवाह तेव्हा आज पाण्याखाली असलेल्या जमिनीवरून आणखी पश्चिमेकडे जात होते. पुढे समुद्र चढत आला, दऱ्यांची खालची टोके बुडाली आणि तिथे खाड्या झाल्या. सासऱ्यांच्या आठवणीतला वहाळ हा या लांबलचक कथेतला अगदी अलीकडचा भाग आहे.

तरीही त्या आठवणीला मोल आहे, कारण किनाऱ्यालगतच्या वहाळातले पुष्कळ जीव गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांवर जगतात. सापासारखा लांब ईल मासा गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिल्ले मचूळ पाण्यावाचून वाढत नाहीत. जूनच्या पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणाऱ्या माशांना कोकणात ‘चढणीचे मासे’ म्हणतात. रस्त्याखालच्या मोरीचा नळ पात्रापासून हातभर उंच बसवलेला असला, तर यांतल्या बहुतेकांची चढण तिथेच संपते. मुखाची चर्चा करणाऱ्या गावकऱ्यांनी आधी अशी मोरी कुठे आहे का, ते पाहावे.

आता पुढचे. 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली, आणि 2006 ते 2018 या काळात वाढीचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटर होता. त्यामुळे खारे पाणी हळूहळू आत सरकेल आणि तिवराची (खारफुटीची) झाडे, जागा मिळाल्यास, त्याच्यामागून आत येतील. मागे खारबंधारा (भरतीचे पाणी अडवणारा बांध) किंवा कुंपणाची भिंत असेल, तर त्यांना सरकायला वाव राहणार नाही. (खारट जमीन म्हटल्यावर सोलापूरकरांना उसाला अतोनात पाणी देऊन चोपण झालेले रान आठवेल, इथला खार मात्र समुद्राचा आहे.) समुद्राला हे करायला काही दशके लागतील, सड्यावरचे नुकसान आजच चालू आहे. माथ्यावरची झाडी राखून नवी खाण रोखली, तर झरे काही अंशी सावरू शकतात. पावसाळ्याअखेर रिकाम्या पोत्यांत माती भरून घातलेल्या वनराई बंधाऱ्यांनी पाणी आणखी काही आठवडे टिकते. मात्र ते चढणीआधी, मेअखेरीस काढून टाकावेत.

पुढच्या खेपेस ओहोटीच्या वेळी मुखापासून वर चालत जा आणि साकवाच्या (लहान पुलाच्या) खांबांवर, काठच्या दगडांवर कालवे (दगडाला चिकटणारे शिंपले) चिकटलेली दिसतात का, ते पाहा. जिथे जिवंत कालवे संपतात, त्याच्या आसपास खाऱ्या पाण्याची नेहमीची हद्द असते. त्या जागेची न पुसणारी खूण करून ठेवा आणि दर वर्षी त्याच महिन्यात पुन्हा तपासा.